नोंद घ्या

लिफ्ट बंद पडून नऊ दिवस झाले होते. कमिटीची सभा बोलावली, विषय एकच. पण तिथवर पोचायला आधी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा उंबरा ओलांडावा लागतो, आणि त्यात नाना आडवे बसलेले असतात. मी लिहिलं होतं, 'टाकी धुतली.' नाना म्हणाले, "टाक्या. दोन आहेत. दुरुस्ती करा, आणि केल्याची नोंद घ्या." पाऊण तास गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मध्येच उठल्या. "सभात्याग! वेळ लिहा." काकू दूध उतू जाईल म्हणून घरी पळाल्या होत्या. परतल्या, त्याचीही नोंद.

मी सेक्रेटरी, म्हणजे बिनपगारी कारकून. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त. 1960 चा सहकार कायदा आणि उपविधी पोथीसारखे पिशवीत घेऊन येतात. वॉचमन झोपतो, नोंद घ्या. पंखा कुरकुरतो, नोंद घ्या. एकदा वैतागून मी सुचवलं, विषयाला दहा मिनिटं, आणि कुणी काय करायचं ते उठण्याआधी ठरवायचं. "उत्तम! ऐनवेळच्या विषयांत घ्या." ऐनवेळचे विषय रात्री साडेदहाला निघतात, तोवर अध्यक्ष पेंगलेले असतात. (नोंद आहे.)

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. आमच्या चाळीस फ्लॅटांना गणपूर्तीसाठी वीस डोकी हवीत. ती कधीच जमत नाहीत, कारण तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते आणि तेव्हा गणपूर्तीची अट नसते, हे कायद्यातलं एकच कलम सगळ्यांना पाठ आहे. दहाच्या सभेला माणसं साडेदहाला येतात.

यंदाही दहा वाजता गच्चीवर मी आणि नाना. चार मजले चढून ते पावणेदहालाच आलेले. रिकाम्या खुर्च्या मोजून झाल्यावर म्हणाले, "पहिल्या सभेला लोक घरनं सतरंज्या घेऊन आले होते. आमच्या हिनं सगळ्यांना भजी केली होती." मग बराच वेळ काही नाही. "हल्ली सेक्रेटरी, दिवस दिवस कुणाशी बोलणंच होत नाही हो."

माझ्या हातात पेन होतं.

"हे लिहू नका," नाना घाईघाईने म्हणाले.

साडेदहाला जिन्यात चपला वाजू लागल्या. लिफ्ट पुन्हा बंद होती. नानांनी घसा खाकरला.