पाच तारखेच्या सिस्टर

जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे देशभरच्या शेतांत आमच्या गावचे वाण उगवले. पण एक वाण असा आहे, की तो कुठल्या कंपनीने काढलेला नाही, कृषी केंद्रात पिशवीबंद मिळत नाही, आणि तरीही जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सापडतो. पाणी कमी लागतं, कीड लागत नाही, उत्पन्न उशिरा पण भरघोस. हा वाण म्हणजे सरकारी दवाखान्यातली हिशेबी सिस्टर.

कागदोपत्री तिचं पद ‘अधिपरिचारिका’. एवढा शब्द उच्चारेपर्यंत सलाईन संपेल म्हणून डॉक्टर तिला सिस्टर म्हणतात, वॉर्डातल्या मावश्या मॅडम म्हणतात आणि भोकरदनकडची म्हातारी माणसं नरसबाई म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. गळ्यात एक ग्रॅमचं गंठण, स्कूटी सेकंडहँड, डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. खिशाला औषध कंपनीचं पेन, घरात भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर. पैसे मात्र पतसंस्थेत नाहीत, ते पोस्टात. बाकीच्या सिस्टर नवी गाडी घेतली की पेढे वाटतात. ही नवं खातं उघडलं की गूळ-शेंगदाणे वाटते.

माझी आणि या वाणाची गाठ पडली ती वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी. चार रात्री मी सिव्हिलला त्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर काढल्या. दुसऱ्या रात्री अडीच वाजता सिस्टर घड्याळाकडे बघत सलाईनचे थेंब मोजत होत्या. मोजून झाले आणि मान न वळवता म्हणाल्या,

“गुरुजी, कर्ज किती हाय?”

मी दचकलो. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? रात्री अडीचला जो माणूस जागा असतो, त्याला एक तर दुखतंय, नाही तर हप्ता हाय. ऑपरेशन तुमच्या वडिलांचं झालंय. ते घोरतेत.”

नाडीला हात न लावता इतकं अचूक निदान मी आजवर पाहिलं नव्हतं. मी घराच्या हप्त्यापासून मोटारसायकलच्या हप्त्यापर्यंत सगळी हिस्ट्री दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं,

“शाळेत काय शिकवता?”

“आठवीला गणित.”

“मंजी चक्रवाढ व्याज तुम्हीच शिकवता?”

“हो. बावीस वर्षं.”

“अन् तुमचं सोताचं कुठं लागलंय?”

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. चक्रवाढ व्याज मी फळ्यावर लावतो आणि बँक ते मला लावते, एवढाच माझा त्या धड्याशी संबंध होता.

सिस्टरांनी वडिलांचा इनटेक-आउटपुटचा चार्ट भरला. आत किती गेलं, बाहेर किती आलं, सगळं मिलिलिटरमध्ये. तो क्लिपबोर्डला लावला आणि पर्समधून दुसरी वही काढली. शंभर पानी, कोपरे मुडपलेले. आत तशाच दोन रकान्यांत त्यांचं घर मांडलेलं. एका बाजूला पगार, दुसऱ्या बाजूला दूध, गॅस, पोरीची फी, स्कूटीचं पेट्रोल. एका ओळीत तर ‘मिस्टरांचा चहा (बाहेरचा)’ असा स्वतंत्र रुग्ण होता आणि त्याच्याभोवती लाल पेनाने गोल केलेला.

“पेशंटचं आत गेलं तेवढं बाहेर आलं, तर पेशंट चांगला,” सिस्टर म्हणाल्या. “घराचं उलटं. आत आलं तेवढं समदं बाहेर गेलं, तर घर आजारी. तुमचं बाहेर जास्ती जातंय. ही हगवण हाय, गुरुजी.”

शेजारच्या कॉटवरचा पेशंट अंधारात हसला. तोही जागाच होता. त्यालाही हप्ता असावा.

या सिस्टरांचा धर्म म्हणजे पाच तारीख. चतुर्थीला त्या राजूरच्या गणपतीला जातील न जातील, पण महिन्याच्या पाच तारखेच्या आत पीपीएफमध्ये पैसे गेले नाहीत असं होत नाही. कारण विचाराल तर त्या ट्रॉली थांबवून सांगतात. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर धरतात. सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. वर्षाची मर्यादा दीड लाखाची. ती सगळी रक्कम पाच एप्रिलऐवजी सहा एप्रिलला भरली, तर ७.१ टक्क्यांनी ८८७ रुपये गेले. “एका दिवसाच्या आळसाची फी,” सिस्टर म्हणतात. “एवढी तर आपल्याकडं डॉक्टरबी घेत नाहीत.”

महिन्याला हजार रुपये, पाच तारखेच्या आत, १५ वर्षं. भरलेले होतात १ लाख ८० हजार. दर ७.१ टक्केच राहिला, तर हातात येतात साधारण ३ लाख १५ हजार. मी घरी येऊन फळ्याच्या सूत्राने ताळा केला. बरोबर आला. बावीस वर्षांत माझं एखादं उदाहरण पहिल्यांदाच खऱ्या आयुष्यात बरोबर आलं होतं आणि तेही दुसऱ्याचं.

ड्युटी संपल्यावर सिस्टरांची ओपीडी सुरू होते. वॉर्डातले मामा एकदा पोरीच्या लग्नासाठी शेकडा तीनने पैसे उचलायला निघाले होते. तीन टक्के ऐकायला स्वस्त वाटतं. सिस्टरांनी त्यांना औषधाच्या खोक्यावर बसवलं. “मामा, तीन टक्के महिन्याला. वर्षाला किती? छत्तीस. आता बहात्तरला छत्तीसनं भागा.” मामांनी बोटं मोजली. दोन. “व्याजावर व्याज चढलं तर दोन वर्षांत कर्ज डबल. पोरीला लेकरू होईस्तोर तुम्हाला दुसरं लग्न पडलं म्हणून समजा.” बहात्तरला दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते अंदाजे निघतं, ही युक्ती जगभरचे बँकवाले वापरतात. आमच्या वॉर्डात ती बीपीच्या गोळ्यांच्या खोक्यावर शिकवली जाते. मामांनी शेवटी कर्मचारी सोसायटीतून कर्ज घेतलं आणि मंडपाच्या दोन कमानी कमी केल्या. वऱ्हाडातल्या कोणालाही त्या आठवल्या नाहीत.

विम्याचे एजंट या वॉर्डात जपून येतात. एक नवखा एकदा मनीबॅकचं रंगीत पत्रक घेऊन आला होता. सिस्टरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “मी उद्या मेले तर किती मिळतील?” त्याने आकडा सांगितला. “अन् नाही मेले तर वर्षाला किती टक्के पडतेत?” एजंट बोनसबद्दल बोलू लागला. “बोनस नका सांगू, टक्के सांगा.” तो मोबाइलवर काहीतरी शोधू लागला आणि शोधत शोधत जिन्यापर्यंत गेला. पत्रक राहिलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढचा आठवडाभर किराण्याची यादी झाली. सिस्टरांचा स्वतःचा विमा म्हणजे साधा टर्म प्लॅन. “विमा मरणासाठी, बचत जगण्यासाठी. दोन्हीचं मिक्चर करायचं नाही. आपण दोन इंजेक्शनं एका सिरिंजमंदी भरतो का?”

त्यांच्या घरात सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी असते. तिचं नाव ‘इमर्जन्सी ट्रे’. मिस्टरांनी एकदा वर्ल्डकपच्या सुमाराला त्या ट्रेकडे बघून मोठ्या टीव्हीचा विषय काढला. “ट्रेमधलं अ‍ॅड्रिनलिन सर्दीला वापरतेत का?” एवढंच सिस्टर म्हणाल्या. मिस्टरांनी फायनल शेजाऱ्यांकडे पाहिली. आपण हरलो, तेव्हा त्यांना वाटलं की निदान टीव्हीचे पैसे तरी वाचले. संसर्ग असा पसरतो.

सोन्याबद्दल बायका टोमणे मारतात. जालन्याला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणायची जुनी रीत, आणि सरकारी पगाराची बाई एक ग्रॅमच्या गंठणात! सिस्टर सांगतात, “हाय की सोनं. कागदावर हाय.” २०१५ साली सरकारने सुवर्णरोखे काढले, तेव्हापासून ते निघत होते तोवर त्यांनी जमेल तसे घेतले. सोन्याचा भाव तर मिळतोच, वर वर्षाला अडीच-पावणेतीन टक्के व्याज. घडणावळ नाही, घट नाही, चोराला कळतही नाही. “अन् नाईटला येताना बसस्टँडवर गळा झाकून उभं राहावं लागत नाही.”

समृद्धी महामार्ग झाला, तेव्हा आमच्या भागात जमिनीचे पैसे आले. कोणाच्या दारात काळ्या काचेची गाडी आली, कोणाच्या पोराच्या हातात बुलेट. सिस्टरांच्या दिरालाही मोबदला मिळाला. घरी जेवायला बोलावून सिस्टरांनी त्यांच्या ताटात आधी पुरणपोळी वाढली आणि मग सुकन्या समृद्धीचा फॉर्म. मुलगी दहा वर्षांच्या आत हवी, १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी खातं पूर्ण होतं. “भाऊजी, एक समृद्धी ताशी १२० नं जाते, दुसरी ८.२ टक्क्यांनी. पहिलीत बसलेल्यांतले किती जण परत माघारी आले ते बगा.” दीर हसले, पण सही केली. पुरणपोळी अर्धी राहिली होती आणि वाढणारीच्या हातात तूप होतं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती लपवण्यासारखी आहे. एका मल्टिस्टेट पतसंस्थेने बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज देऊ केलं. ऑफिसात एसी होता, काउंटरवर गणपती होता, आत गेल्यावर सरबत मिळायचं. मी दोन लाख ठेवले. वर्षभराने शटर खाली आलं, ते अजून वर गेलेलं नाही. मी सिस्टरांकडे गेलो, तेव्हा वाटलं होतं बोलणी खावी लागतील. त्या बोलल्या नाहीत. जखम साफ करताना करतात तसा चेहरा केला आणि म्हणाल्या, “गुरुजी, बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा असतो. २०२० पासून. आधी १ लाखच होता. सहकारी बँकेलाबी हाय. पतसंस्थेला न्हाई. पैसे ठेवताना पाटीवर ‘बँक’ लिहिलंय का, एवढं तरी वाचत जा. तुम्ही तर शाळामास्तर.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “सरबत कसलं होतं?” मी म्हणालो, “मोसंबीचं.” मोसंबीच्या जिल्ह्यात दोन लाखांना मोसंबीचं सरबत पिणारा मी पहिलाच नसेन. पण तेवढाच काय तो दिलासा.

२०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, आणि सिस्टर त्यातल्याच. मंडपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. पण घोषणा थांबली की त्या शेजारणीला विचारायच्या, “तुझा प्रान कुठंय?” एनपीएसच्या, म्हणजे नव्या पेन्शनच्या, खाते क्रमांकाला प्रान म्हणतात. निम्म्या मंडपाला आपला प्रान माहीत नव्हता. आपल्या पगारातले १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के कुठे जातात, त्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी सतरंजीवर बसून एकेकीच्या मोबाइलवर उघडून दाखवलं. “मागणी जुन्याची करायची, पण नव्याचं पासबुक बगायचं. पेशंट मुंबईला हलवायचा ठरला म्हणून हितली सलाईन बंद करतो का आपण?”

एवढी काटकसर करणारी बाई चिक्कू असणार, असा माझाही समज होता. मग कळलं, की वॉर्डातल्या मावशींच्या मुलीची जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी सिस्टरांनी भरली होती. तीही वहीत होती. आउटपुटच्या रकान्यात नाही, इनटेकच्या. मी चूक दाखवली, तेव्हा त्यांनी आजीची गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. पण घरात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं शाळूच्या बियाण्याचं एक मडकं होतं. घरात लेकरं रडत होती, तरी तिने ते उघडलं नाही. पाऊस पडला, तेव्हा गावात ज्यांच्याकडे पेरायला घरचं बी होतं, त्यांत आजी होती. तिने शेजाऱ्यांनाही ओंजळ-ओंजळ दिलं.

“बी दिलं तर ते खर्चात धरत न्हाईत,” सिस्टर म्हणाल्या.

त्या महिन्यात मी ठरवलंच. चार तारखेला शाळा सुटल्यावर रिक्षाने पोस्टात गेलो, खातं उघडलं, हजार रुपये भरले, आणि पासबुक मिरवत सिव्हिलला पोचलो. सिस्टरांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मान डोलावली. मग विचारलं,

“रिक्षाला किती दिले?”

“जाऊन-येऊन चाळीस.”

“सायकल हाय ना घरी?”

घरी येऊन मी शंभर पानी वही घेतली आणि दोन रकाने आखले. इनटेकला हजार, आउटपुटला चाळीस. ती माझ्या हिशेबाची पहिली ओळ. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याजाचं उदाहरण घातलं, तेव्हा मुद्दल, दर आणि मुदत यांच्याबरोबर मी एक चौथी गोष्ट फळ्यावर लिहिली : तारीख. पुस्तकात ती नाही.