आधी प्रॉडक्शन, मग टेस्टिंग

सॉफ्टवेअरवाले देवधर्म मानोत न मानोत, सोवळंओवळं कडक पाळतात. कोड डेव्हमध्ये लिहायचा, टेस्टमध्ये तपासायचा, स्टेजिंगमध्ये पुन्हा एकदा पारखायचा आणि मगच प्रॉडक्शनच्या, म्हणजे लोकांच्या प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेच्या, गाभाऱ्यात न्यायचा. ही ने-आण हल्ली पाइपलाइन करते. पाइपलाइन म्हणजे यॅमल नावाच्या भाषेत लिहिलेली फाइल. तिच्यात एक स्पेस इकडची तिकडे झाली की सगळं ठप्प, आणि स्पेसऐवजी टॅब दाबलात तर ती वाचायलाच नकार देते. नोएडातल्या एका ऑफिसात बसून मी अशा पाइपलाइनी राखतो. साताऱ्यात आईची समजूत आहे की मुलगा दिल्लीकडे पाणीपुरवठा खात्यात लागलाय. पगार वेळेवर होतो म्हटल्यावर तिने खोलात जाणं सोडलं.

कोड बदलणं सोपं. पाइपलाइन बदलणं म्हणजे ताप. कारण चारही ठिकाणं सारखी आहेत हे फक्त कागदावर. टेस्टमध्ये सगळं हिरवंगार, प्रॉडक्शनला लाल. मग शोध सुरू होतो आणि कळतं, की मागे कुणीतरी प्रॉडक्शनवर थेट हात मारून एक सेटिंग 'तात्पुरतं' बदललंय. करणारा नोकरी बदलून गुरुग्रामला गेला, सेटिंग मात्र आहे तिथेच आहे. यावर उपाय म्हणून बदलाचा फॉर्म निघाला. त्यात 'बिघडल्यास परत कसे फिरणार?' असा रकाना आहे. सगळे तिथे 'आधीचं व्हर्जन टाकू' असं लिहितात. ते व्हर्जन कुठे ठेवलंय, हा रकाना फॉर्मात नाही.

हाच प्रकार ऑफिसाबाहेरही भेटला. आमचे घरमालक अंकलजी दिल्लीत मयूर विहारला, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची डिझेल गाडी दहा वर्षं ओलांडून गेलेली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना इंधन बंद, असा नियम आला. अंकलजी वर आले.

"बेटा, तुम तो कंप्यूटरवाले हो. कैमरे को कैसे पता, मेरी गाड़ी बूढ़ी है?"

मी सांगितलं, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, 'वाहन' या सरकारी गाडीनोंदणीत वय बघतो आणि पंपावरच्या भोंग्यातून पुकारा करतो.

"भोंपू पे? सबके सामने?"

डिझेल मिळणार नाही याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. चारचौघांत वय पुकारलं जाणार, हे लागलं होतं.

मी मात्र वेळापत्रक वाचून गार झालो. दिल्लीत १ जुलै. गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, सोनीपत आणि आमच्या नोएडाचं गौतम बुद्ध नगर इथे १ नोव्हेंबर. उरलेल्या राजधानी परिसराला (एनसीआर) १ एप्रिल २०२६. म्हणजे आधी थेट प्रॉडक्शन आणि मग सावकाश टेस्टिंग! अंकलजींनी यातली फट माझ्याआधी हेरली. "नोएडा का कैमरा तो नवंबर तक सो रहा है," म्हणाले आणि हद्द ओलांडून टाकी भरून आले.

३ जुलैला दिल्लीचे पर्यावरणमंत्री मनजिंदरसिंग सिरसा यांनी हवा गुणवत्ता आयोगाला पत्र लिहून अंमल थांबवायला सांगितलं. कारणं वाचताना मला ऑफिसात बसल्यासारखं वाटलं: कॅमेरे नीट जागी नाहीत, सेन्सर चालत नाहीत, भोंगे वाजत नाहीत, शेजारच्या राज्यांच्या नोंदी जोडलेल्या नाहीत. ८ जुलैला आयोगाने दिल्लीची तारीखही १ नोव्हेंबरवर नेली. १२ ऑगस्टला तर सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई नको, असं सांगितलं. सरकारला कुणी काही म्हणो, आठवड्याभरात मागे फिरणं आमच्या ऑफिसला आजवर जमलेलं नाही.

दिल्लीलाच हसण्यात अर्थ नाही. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेच्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावरचा जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलर बुडाले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक अपडेट जगभर एकदमच सुटलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. आपल्या दिल्ली विमानतळावर त्या दिवशी कुठलं विमान कुठल्या गेटवर, हे पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहीत होते. फळ्याला अपडेट लागत नाही, म्हणून तेवढा तो चालू राहिला. वार अर्थातच शुक्रवार होता.

तेव्हा मंडळी, बदल जरूर करा. पण आधी लहान जागी करा, पुढची जागा खरंच तशीच आहे का ते जाऊन बघा आणि परतीची वाट आधी चालून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी तर काहीही बदलू नका. ज्याला शुक्रवारचाच मुहूर्त हवा असेल, त्याने फॉर्मवर स्वतःचा मोबाइल नंबर लिहावा आणि शनिवारी तो उचलावा.