नंबरकाका

नंबरकाका हा ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्ग आणि आसपासच्या उपनगरांत आढळणारा मराठी गृहस्थांचा एक प्रकार आहे. वय पंचावन्नच्या पुढे, मूळ गाव पुणे, नाशिक किंवा पिंपरी-चिंचवड, शिक्षण बहुधा मेकॅनिकलचे, आणि खिशात दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा. साधारण १९६४ ते १९७२ या काळात अमेरिकेत निघालेल्या, बेताच्या अंगात दांडगे व्ही-एट इंजिन बसवलेल्या ज्या गाड्यांना मसल कार म्हणतात, त्या अस्सल आहेत की मागाहून सजवलेल्या, हे सांगणे हा काकांचा व्यासंग. स्वतःकडे टोयोटा कॅमरी असते. तिचे रजिस्ट्रेशन संपत आल्याचे काकू सांगतात.

हा प्रकार डँडेनॉन्गलाच का रुजला, याला कारण आहे. जनरल मोटर्स-होल्डनचा मोठा कारखाना येथे १९५६ साली सुरू झाला. कामगारांसाठी रेल्वेने हॅलमच्या अलीकडे स्थानक दिले आणि त्याचे नावच ‘जनरल मोटर्स’ ठेवले. ते २००२ साली बंद झाले. कारखान्यातून मोटारी निघणे त्याच्याही आधी थांबले होते. पण मोटारींची माणसे, वर्कशॉपे आणि इंजिने उघडून बसलेल्या शेड मागे राहिल्या. शिवाय ऑस्ट्रेलियाची लाडकी होल्डन मोनॅरो जीटीएस १९६८ साली बाथर्स्टची शर्यत जिंकली ती शेव्हरोलेच्या ३२७ घनइंची इंजिनावर. त्यामुळे होल्डनवाल्याला अमेरिकन गाडी परकी वाटत नाही, आणि फॉस्टर स्ट्रीटवर तूरडाळ घ्यायला निघालेल्या काकांना वाटेत एखादी उघडी बॉनेट दिसली, की डाळ संध्याकाळी घरी पोहोचते.

पडताळणीची गरज पैशामुळे पडते. १९६९ च्या कॅमॅरोत अॅल्युमिनियमचे झेडएल-१ इंजिन घातलेल्या गाड्या निघाल्या अवघ्या ६९. १९७१ च्या प्लिमथ हेमी-कुडाच्या उघड्या टपाच्या एका गाडीला २०१४ मध्ये सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलर आले. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, तसल्याच पत्र्याची पण साध्या इंजिनाची गाडी त्याच्या लहानशा अंशात मिळते. दोहोंत फरक म्हणजे इंजिन, थोडे ब्रेक-स्प्रिंगांचे सामान आणि चार बिल्ले. आणि बिल्ले टपालाने मिळतात. इकडच्या फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्रीच्या १९७१ साली ३०० गाड्या निघाल्या. त्यांतल्या पाचशे अजून धावतात, असे या वर्तुळात गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते.

काकांची तपासणी ठरलेल्या क्रमाने होते. रंग, चाके, आवाज यांकडे ते पाहत नाहीत. प्रथम गाडीचा क्रमांक. पॉन्टियाक जीटीओचा क्रमांक १९६६ ते १९७१ या वर्षांत २४२ ने सुरू होतो, त्यामुळे निकाल चटकन लागतो. १९६४ आणि १९६५ मध्ये मात्र जीटीओ हे ल मान्स गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचे पॅकेज होते. १९६५ चा क्रमांक २३७ ने सुरू होतो, आणि तो साध्या ल मान्सलाही तसाच असतो. तेथे कागद लागतो. पॉन्टियाकची जुनी बिले पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांचा तपशील केव्हिन मार्टी यांच्या अहवालातून मिळतो. क्रायस्लरच्या १९७० आणि १९७१ च्या गाड्यांत क्रमांकाचे पाचवे अक्षर ‘आर’ असेल, तर कारखान्यातून हेमी इंजिन आले होते. शेव्हरोलेच्या बाबतीत अशी खातेवही हाती नाही, म्हणून काकांचा खरा जीव शेव्हरोलेत.

शेव्हरोलेची जन्मकहाणी ज्या कागदावर असते, ती बिल्ड शीट म्हणजे गाडीचा सातबारा. कामगारांनी वाचून झाल्यावर ती कोठेही कोंबलेली असे. शेव्हरोलेत बहुधा पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर, क्रायस्लरमध्ये मागच्या सीटच्या स्प्रिंगांत. पन्नास वर्षांनी ती उंदरांनी कुरतडलेली, तेलाने तपकिरी झालेली निघते आणि काका ती दोन्ही हातांत धरतात. कधी कधी गाडी अस्सल आणि कागद शेजारच्या गाडीचा, असेही होते. कारण कोंबणाऱ्याला तो कागद पुढे कोणी वाचील असे वाटलेच नव्हते.

मग इंजिन. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली, बोटभर सपाट जागा असते. तीवर इंजिनाचा संकेत आणि गाडीच्या क्रमांकाचा तुकडा ठोकलेला असतो. तो गाडीशी जुळला की गाडी ‘नंबर मॅचिंग’. सामान्य माणूस येथे थांबतो. काका येथे सुरू होतात. ते टॉर्च तिरपा धरतात. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या अवजाराने तासला जाई, आणि त्याच्या केसासारख्या बारीक, समांतर रेघा पुढून मागे गेलेल्या दिसतात. नंतर कोणी ब्लॉक घासून नवे आकडे ठोकले, तर आकडे येतात, रेघा जातात. त्यानंतर आरसा निघतो. ओतकामाचा क्रमांक ब्लॉकच्या मागच्या अंगाला, हात न जाणाऱ्या जागी असतो, म्हणून काका उलटे आकडे सुलट्यासारखे वाचतात. ओतकामाची तारीखही असते: ‘सी १४ ९’ म्हणजे मार्चची १४ तारीख, वर्ष नऊने संपणारे. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. गाडी मार्चची आणि ब्लॉक एप्रिलचा निघाला, की काका आरसा पुसून खिशात ठेवतात आणि घरच्यांना चहा ठेवायला सांगतात.

याच टप्प्यावर गाडीचा होऊ घातलेला मालक, बहुधा आयटीतला कोणी मंदार किंवा अभिजित, बोलायचे धाडस करतो.

‘काका, पण रंग बघा ना कसला कडक आहे!’

‘रंग कोणीही देतं रे. टाकीवरचा कागद कुठाय?’

काकांना चकाकीचा संशय आणि गंजावर विश्वास. कारखान्यात घाईने उडालेला रंगाचा फवारा, वेल्डिंगचे ओघळ, तपासनिसाची खडूची फुली, हे सगळे जागच्या जागी असावे असा त्यांचा आग्रह असतो. गाड्या पुनरुज्जीवित करणारे आता हे ओघळही मोजून मापून काढतात. काकांचा एकमेव प्रतिस्पर्धी म्हणजे होल्डनच्या लाइनवरून निवृत्त झालेला म्हातारा. शुक्रवारी दुपारी हाताला येईल तो बोल्ट बसवत होतो, असे तो बिअर पिता पिता सांगतो. काका ऐकून घेतात, पण त्या दिवशी जेवत नाहीत.

कायद्यानेही काकांना बराच त्रास दिला आहे. ऑस्ट्रेलियात अॅस्बेस्टॉसवर २००३ च्या ३१ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी आहे. म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या जुन्या गाडीचे ब्रेक लायनिंग आणि गॅस्केट अॅस्बेस्टॉसमुक्त असल्याची खातरजमा करावी लागते. म्हणजे जो भाग मूळचा असल्याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते, तोच आधी काढायचा. पूर्वी आलेल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेण्यासाठी डॅशबोर्ड कापले गेले. त्यांचा विषय काकांसमोर काढू नये. व्हिक्टोरियाची क्लब परमिट योजना त्यांना तेवढी आवडते. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला वर्षात ४५ किंवा ९० दिवस चालवायची परवानगी मिळते, आणि निघण्यापूर्वी लॉगबुकात नोंद करावी लागते. गाडीपेक्षा नोंद आधी, हे काकांना तत्त्वतः पटते.

या विद्येची एक अडचण आहे. शनिवारच्या बार्बेक्यूत काका ब्रोचच्या रेघा समजावून सांगतात तेव्हा घेणारा ऐकतो, तसा विकणाराही ऐकतो. रेघांचे महत्त्व लोकांना कळले, तशा खोट्या रेघा ओढणारे निघाले. तारखा पाहतात म्हटल्यावर योग्य तारखेचे ब्लॉक भंगारात शोधून महाग विकले जाऊ लागले. नव्या बिल्ड शीट छापून चहाच्या पाण्यात बुडवल्या जातात. काकांनी सांगितलेली प्रत्येक खूण पुढच्या नकलेत दुरुस्त होऊन येते, त्यामुळे खोट्या गाड्या दरवर्षी अधिक अचूक होत आहेत. अस्सल गाड्या मात्र होत्या तितक्याच गबाळ्या राहिल्या आहेत आणि काकांच्या परीक्षेत अधूनमधून नापासही होतात.

तपासणीअखेर काका दोन पानी दाखला देतात. फी घेत नाहीत. पेट्रोल आणि जेवण स्वीकारतात. दाखल्याने किंमत वाढते हे ध्यानात आल्यावर दाखलाही नकलेच्या कक्षेत आला. आता एखाद्या कॅमॅरोबरोबर काकांच्या सहीचा कागद येतो, आणि मालक तो खरा आहे का हे विचारायला काकांकडेच येतो. काका टॉर्च तिरपा धरून स्वतःची सही वाचतात, तारीख पाहतात, आणि त्या तारखेला आपण अकोल्यात भाच्याच्या मुंजीत होतो, हे पासपोर्टावरच्या शिक्क्यांनिशी सिद्ध करतात.