मांजरेकरांची पैसेवारी

परभणी जिल्ह्यात तालुके नऊ आणि पिक्चरवाले मामाही निदान नऊ. परभणीत ते वसमत रोडला नाहीतर गांधी पार्काच्या आसपास सापडतात, पूर्णेला जंक्शनच्या बाहेर, जिंतूर-सेलूला बसस्थानकासमोर. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पोटापाण्याचा उद्योग कुठलाही चालतो : खत-बियाण्यांचं दुकान, जिल्हा परिषदेची मास्तरकी, विम्याची एजन्सी. भाचे मात्र सगळे मानलेले, कारण सख्खे भाचे पुण्याला कंपनीत असतात आणि मामांचा विषय माहीत असल्यामुळे दिवाळीलाही जपून बोलतात. विषय एकच. महेश मांजरेकर हा दिग्दर्शक मोठा की नाही, आणि मोठा असेल तर नेमका कुठल्या पिक्चरमुळे? हा दिग्दर्शक निवडण्यातच मामांची अक्कल दिसते. नागराज मंजुळे यांच्यावर वाद रंगत नाही. ‘फँड्री’, ‘सैराट’, ‘झुंड’ एवढाच ऐवज, आणि ‘सैराट’ला नावं ठेवणाऱ्याला चहाचे पैसे स्वतः द्यावे लागतात. सत्यजित राय यांचं नाव निघालं की सगळे एकदम आदरानं गप्प होतात, बरेचसे न पाहिल्यामुळे. रामगोपाल वर्मा तसे वादाला उत्तम, ‘सत्या’पासून ‘आग’पर्यंत सगळा माल त्यांच्याकडे आहे, पण ते पडले हैदराबादचे, आणि १९४८ साली निजाम गेल्यावर हैदराबादची उठाठेव आपल्याकडे राहिली नाही, असं मामांचं म्हणणं. उरले मांजरेकर. ज्या गावाच्या नावावर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण चालते, त्या गावाला असाच दिग्दर्शक हवा होता.

मामांची कालगणना ‘वास्तव’पासून सुरू होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी झाली आणि ऑक्टोबरात ‘वास्तव’ आला, या दोन घटना मामा एका दमात सांगतात. पहिली जिल्ह्याच्या इतिहासातली आणि दुसरी महत्त्वाची. पावभाजीच्या गाडीवरून सुरू होऊन आईच्या हातच्या गोळीवर संपणारी रघूची गोष्ट मामांच्या पिढीनं अशी काही अंगाला लावून घेतली, की लालबाग कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसलेली पोरंही कपाळाला उभा टिळा लावून फिरू लागली. पन्नास तोळ्यांची साखळी कुणाला परवडली नाही, पण ती गळ्यात असल्यासारखं चालणं फुकट होतं. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, मांजरेकरांचे चार पिक्चर आले : ‘निदान’, ‘जिस देश में गंगा रहता है’, ‘अस्तित्व’ आणि ‘कुरुक्षेत्र’. एका वर्षात चार! त्यातल्या ‘अस्तित्व’ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘जिस देश में’ला गोविंदा मिळाला. एकाच माणसानं एकाच वर्षात हे दोन्ही केलं, हा मामांच्या मते कर्तृत्वाचा पुरावा आहे आणि विरोधकांच्या मते नेमका तोच आरोप.

विरोधक हा सहसा अभियांत्रिकीचा विद्यार्थी किंवा नुकता तलाठी परीक्षेला बसलेला तरुण. हातात फोन, फोनमध्ये गुण. त्याचा मुद्दा सरळ असतो. मांजरेकरांच्या सगळ्या पिक्चरांना दहापैकी किती गुण पडले ते पाहा, बेरीज करा, संख्येनं भागा. येईल ती खरी योग्यता. इथं मामा उसळतात. ‘सरासरी कोनाला सांगायलाव वो? आम्हाला?’ या प्रश्नात जिल्ह्याचं सगळं अर्थशास्त्र आहे. परभणीच्या माणसाला सरासरीनं जेवढं छळलं तेवढं पावसानंही नसेल. पीकविम्यात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठ्याच्या वर निघालं, की ज्याचं सोयाबीन पाण्याखाली कुजलं त्याच्या हातीही सरासरीचा आकडाच पडतो. म्हणून मामांनी स्वतःची पद्धत ठेवली आहे, आणि ती तहसील कचेरीच्या पिकांच्या पैसेवारीतून जशीच्या तशी उचलली आहे. ट्रेलर आला की त्यांची नजर पैसेवारी जाहीर होते. पहिल्या खेळानंतर सुधारित. पिक्चर टीव्हीवर लागून जाहिरातींसकट बघून झाला की अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेला तर त्या पिक्चरपुरती टंचाई. पण एका गावची टंचाई दुसऱ्या गावच्या पिकाला चिकटवायची नाही. ‘वास्तव’ नव्वद पैसे, ‘कुरुक्षेत्र’ चाळीस, आणि दोघांची मिळून पासष्ट काढणारा माणूस मामांच्या लेखी विमा कंपनीचा हस्तक.

हसू येतं, पण युक्तिवाद म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. प्रेक्षक कधीही कारकीर्द बघत नाही, तो एक पिक्चर बघतो. वाईट पिक्चरचं नुकसान अडीच तासांचं आणि तिकिटाचं. ते होऊन जातं आणि विसरलं जातं. ‘वाह! लाइफ हो तो ऐसी’ची आठवण आज कुणाला छळत नाही, तिच्यात संजय दत्त यमराज होता हे सांगितल्यावरसुद्धा. चांगला पिक्चर मात्र वीस-पंचवीस वर्षं कामाला येतो. मग दोघांना एकाच तराजूत घालून मधला आकडा का काढायचा? यावर विरोधकाचा पहिला वार असा, की मग आयुष्यात एकच बरा पिक्चर काढणारा कुणीही मोठा ठरेल. मामा इथं अनपेक्षितपणे कडक आहेत. एक पीक आलं म्हणून कुणी बागायतदार होत नाही, हे त्यांना कळतं. ते तारखा मोजतात : ‘वास्तव’ १९९९, ‘अस्तित्व’ २०००, ‘लालबाग परळ’ २०१०, ‘काकस्पर्श’ २०१२, ‘नटसम्राट’ २०१६. एक गँगवॉरचा, एक संसाराचा, एक गिरणी संपाचा, एक कोकणातल्या विधवेचा, एक रस्त्यावर आलेल्या नटाचा. सतरा वर्षांत इतक्या वेगवेगळ्या जमिनीत पाच वेळा उगवलं, तर त्याला निव्वळ नशीब म्हणता येत नाही.

दुसरा वार जास्त धारदार आहे. यातले तीन तर दुसऱ्यांच्या लेखणीवर उभे आहेत. ‘लालबाग परळ’मागं जयंत पवारांचं ‘अधांतर’, ‘काकस्पर्श’मागं उषा दातारांची कथा आणि ‘नटसम्राट’ म्हणजे तर शिरवाडकरांचं १९७० सालचं नाटक. मांजरेकरांचं काय त्यात? मामा यावर फक्त ‘बरं मग?’ म्हणतात आणि चहा फुंकतात. ते पुरेसं उत्तर नाही, म्हणून ते इथं नीट दिलं पाहिजे. चांगल्या मुळाशी गेल्यानं पिक्चर चांगला होत असता, तर २००५ सालचा ‘पद्मश्री लालू प्रसाद यादव’ अजरामर झाला असता. त्याचं मूळ ‘अ फिश कॉल्ड वांडा’, ज्यातल्या अभिनयाला ऑस्कर मिळालं होतं. मूळ उत्तम होतं, पीक आलं नाही. उलट ‘अधांतर’ चाळीतल्या एका खोलीत घडतं. ते खोलीबाहेर काढून संपात, रस्त्यावर, पोरांच्या टोळीत नेणं हे दिग्दर्शकाचं काम होतं. ‘नटसम्राट’मध्ये विक्रम गोखल्यांनी केलेला रामभाऊ नाटकात नाहीच. बेलवलकरांना तोडीस तोड मित्र दिल्यावर त्यांचा अहंकार ऐकून घेणारा आणि सुनावणारा कुणीतरी पडद्यावर आला. अर्थात, तो गोखल्यांशिवाय कुणी केला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मामांना विचारू नये. त्यांच्यापाशी त्याला वेगळी पैसेवारी आहे.

आणि तिथूनच तिसरा वार येतो : श्रेय नटांचं. ‘नटसम्राट’ नाना पाटेकरांचा, ‘अस्तित्व’ तब्बूचा, ‘वास्तव’ संजय दत्तचा. याची तपासणी सुदैवानं मांजरेकरांनी स्वतःच करून ठेवली आहे. तोच संजय दत्त त्यांनी ‘कुरुक्षेत्र’मध्ये घेतला, ‘पिताह’मध्ये घेतला आणि २००२ साली ‘वास्तव’चा पुढचा भाग म्हणून ‘हथियार’ काढला, त्यात बाप मेल्यावर मुलाच्या भूमिकेतही तोच. नट तोच, दिग्दर्शक तोच, एकदा तर घराणंही तेच. तरी ‘वास्तव’ पुन्हा झाला नाही. म्हणजे नट हे कारण नव्हे. पण चाणाक्ष तरुण लगेच म्हणतो, मग दिग्दर्शकही कारण नव्हे! इथं मामांची बोलती बंद होते आणि ते म्हणीचा आसरा घेतात : ‘बनी तो बनी.’ मला वाटतं, इथं मामा आपल्याच दिग्दर्शकावर अन्याय करतात. हा लहरीचा मामला दिसत नाही. वरच्या पाचही पिक्चरांत गोष्ट एका मराठी घराच्या उंबऱ्याआत घडते आणि घरातलंच माणूस घरच्यांचा निवाडा करतं. रघूला शिक्षा पोलीस देत नाहीत, रीमा लागूंनी केलेली आई देते. ‘अस्तित्व’मध्ये निवाड्याला बसलेला नवराच शेवटी उघडा पडतो. गिरणगावातलं धुरींचं घर आतून मोडतं, ‘काकस्पर्श’मध्ये एक शपथ अख्ख्या घराला वर्षानुवर्षं कैदेत ठेवते, बेलवलकर तर मुलांच्या दारातूनच बाहेर पडतात. ‘कुरुक्षेत्र’मध्ये इन्स्पेक्टर राजकारण्यांशी लढायला घराबाहेर पडला आणि पिक्चरही त्याच्यामागोमाग निघून गेला. घर असलं की जमतंच असंही नाही. ‘विरुद्ध’मध्ये अमिताभ आणि शर्मिला टागोर यांचं घर होतं, ‘जुनं फर्निचर’मध्ये बाप मुलाला कोर्टात खेचतो, तरी दोन्ही पन्नास पैशांच्या आसपासच थांबतात. पण घर नसताना जमल्याचं उदाहरण मामा अजून देऊ शकलेले नाहीत.

मामांच्या बाजूनं इतकं बोलल्यावर त्यांच्या लबाड्याही सांगितल्या पाहिजेत. वाद अंगाशी आला की ते मांजरेकरांच्या खात्यात परक्या शेतातलं पीक टाकतात. ‘दे धक्का’ त्यांच्या यादीत हमखास असतो, वास्तविक तो अतुल काळे आणि सुदेश मांजरेकरांचा. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ संतोष मांजरेकरांनी दिग्दर्शित केला. महेश त्यात लेखक आणि महाराजांच्या भूमिकेत. ‘फक्त लढ म्हणा’ संजय जाधवांचा. तरुण फोनवर हे सगळं दाखवतो तेव्हा मामा चष्मा विसरल्याचं सांगतात. ‘घरचंच हाय की,’ ही त्यांची शेवटची तडजोड. दुसरी लबाडी वाईट पिक्चरबाबत. २००५ सालचे तीनही त्यांनी पाहिले आहेत, पण विचारलं की त्या वर्षी कापूस एकाधिकार योजनेचं काय झालं यावर बोलू लागतात. मराठी ‘बिग बॉस’च्या सूत्रसंचालनाचा विषय तर त्यांच्यासमोर काढायचाच नाही. २०१८ पासूनच्या पहिल्या चार पर्वांत शनिवार-रविवारी घरच्या बायका मांजरेकरांना ‘तो ओरडणारा’ म्हणून ओळखायच्या, हे मामांचं खाजगी दुःख आहे.

इतके पिक्चर काढले नसते तर बरं झालं असतं का, हा आक्षेप मात्र मामा धुडकावतात तसा सहज धुडकावता येणार नाही. २०२२ साली १४ जानेवारीला ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ आला आणि ४ फेब्रुवारीला ‘पांघरूण’. एक जयंत पवारांच्या कथेवरचा, गिरणगावच्या रक्तात लडबडलेला, दुसरा बा. भ. बोरकरांच्या कथेवरचा, कोकणातला, गाण्यांत भिजलेला. तीन आठवड्यांत प्रेक्षकानं एवढं अंतर कापावं ही अपेक्षा जरा जास्तच. ‘पांघरूण’ला आणखी मोकळी जागा मिळाली असती तर तो यादीत वर गेला असता, असं मला वाटतं. घाईची किंमत दिग्दर्शक मोजतो, ती मामांनी माफ केली तरी फिटत नाही. पण सावकाश केलं असतं तर नक्की चांगलं झालं असतं, याचाही पुरावा नाही. ‘अस्तित्व’ चार पिक्चरांच्या गर्दीतूनच आला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ आला आणि त्याचा विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या निघाला, तेव्हा मामांची खरी पंचाईत झाली. लालबाग-परळ आणि कोकण यांबद्दल मांजरेकर जे दाखवतील ते परभणीनं आजवर खरं मानलं. तिकडची चाळ अशीच असते का, हे तपासायला कोण जाणार? पण शेतीच्या प्रश्नावर नऊच्या नऊ तालुके जाणकार. बांध असा असतो का, बँकेचा माणूस असा बोलतो का, सोयाबीनला त्या दिवसांत शेंगा असतात का, यावर मामा आणि तरुण पहिल्यांदा एका बाजूला आले. नजर पैसेवारीच इतकी कडक निघाली, की सुधारितला काही शिल्लकच उरलं नाही. एका दिग्दर्शकाला आयुष्यभर सवलत देणाऱ्या माणसानं स्वतःच्या शेताबाबत एक पैसाही सोडला नाही, ही त्यांच्या परीक्षेची प्रामाणिक बाजू म्हणायला हवी.

माझा निकाल सांगतो. पहिला ‘लालबाग परळ’, दुसरा ‘अस्तित्व’, तिसरा ‘वास्तव’, मग ‘काकस्पर्श’; ‘नटसम्राट’ पाचवा, नाना आणि गोखले यांच्या समोरासमोरच्या प्रसंगांसाठी. मामांना हा क्रम अजिबात मान्य होणार नाही. वाचकांपैकी कुणाला मामांच्या बाजूनं भांडायचं असेल तर जरूर यावं, फक्त ‘हथियार’ पूर्ण बघून यावं.