न्यूटचं मूळ गाव कसं ओळखावं

आडनाव ऐकलं की समोरच्याचं मूळ गाव, कुलदैवत आणि भाऊबंदकीतले खटले सांगणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. जपानी न्यूट पाळणाऱ्यांतही अशी मंडळी असतात. न्यूटला आडनाव नसल्यामुळे त्यांचं काम जरा अवघड, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी प्राण्याची ओळख. दिसायला पालीसारखा, पण नातं बेडकाशी. लांबी साधारण १० सेंटिमीटर, पाठ काळी-तपकिरी, पोट लालभडक आणि त्यावर काळे डाग. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरची भातखाचरं, पाट आणि डबकी हे त्याचं घर. शास्त्रीय नाव सायनॉप्स पायरोगॅस्टर. १९६३ साली सावादा या संशोधकाने याचे सहा प्रादेशिक प्रकार मांडले: तोहोकू, कांतो, अत्सुमी, ससायामा, हिरोशिमा आणि 'मधला'. नवशिक्याने 'मधला' हा शब्द पाठ करून ठेवावा. आपला न्यूट कशातच बसेनासा झाला की गंभीर चेहऱ्याने तो उच्चारावा. सहसा पुढे कोणी विचारत नाही.

आता पोट तपासायचं. न्यूटला पारदर्शक डब्यात ठेवून डबा डोक्याच्या वर धरावा आणि खालून पाहावं. हातात घेण्याचा मोह टाळावा, आणि घेतलाच तर हात साबणाने धुवावेत. याच्या अंगात फुगू माशातलंच विष असतं. फार छळलं तर तो कणा धनुष्यासारखा वाकवून लाल पोट आपणहून दाखवतो. हे तपासणीला केलेलं सहकार्य नसून धमकी आहे, हे लक्षात घ्यावं.

डाग मोजावेत, वहीत काढावेत, त्यांवरून प्रांत ठरवावा. मग त्याच डबक्यातला दुसरा न्यूट पाहावा आणि वहीतलं पान फाडावं. एकाच खाचरात एकाच्या पोटावर शाई सांडलेली असते, तर शेजाऱ्याच्या पोटावर जेमतेम चार ठिपके.

लाल रंगाचीही तीच गत. तो रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो. रानात किडे-गोगलगायी खाणारा न्यूट लालबुंद असतो. घरात जन्मून मालक देईल तेवढ्यावर वाढलेल्याचं पोट मात्र नारिंगी, कधी पिवळट पडतं. तेव्हा पिवळं पोट पाहून "हा नक्की उत्तरेकडचा" असं कोणी ठासून सांगितलं, तर मान डोलवावी. त्या पोटावरून न्यूटचा प्रांत कळत नाही, मालकाचा हात किती सढळ आहे ते कळतं.

म्हणून जाणकार वागण्याकडे वळतात, आणि इथे खरोखर काही हाती लागतं. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीवर निळसर-जांभळी झाक येते. तो मादीच्या वाटेत आडवा येतो, शेपटी दुमडून अंगालगत आणतो आणि थरथरवतो. ससायामाकडचा नर एवढ्यावर थांबत नाही, मागचा एक पाय उचलून तो मादीच्या मानेपाशी ठेवतो. म्हणजे पाय दिसला की निदान दिशा तरी कळली. अडचण एकच. हे पाहायला मादी लागते, तिची मर्जी लागते आणि आपल्याला टाकीसमोर तासन्‌तास बसावं लागतं. घरच्यांना आधी कल्पना दिलेली बरी.

शेपटीची ती थरथर म्हणजे पंखा असतो. नर पाण्याबरोबर स्वतःचा गंध मादीच्या नाकाकडे ढकलतो. हा गंध १९९५ साली जपानी संशोधकांनी वेगळा काढला: दहा अमिनो आम्लांची छोटी साखळी, नाव सोडेफ्रिन. पुढे नाराकडच्या न्यूटांत याच साखळीतली आठवी कडी वेगळी निघाली. त्या गंधाला आओनिरिन म्हणतात. एका कडीचा फरक, आणि मादीला आपला कोण, परका कोण हे कळतं. तिला वही लागत नाही, पारदर्शक डबा लागत नाही. आपण टाकीत नाक घालून उपयोग नाही, अनेकांनी घातलं असावं असा माझा दाट संशय आहे.

वाद पेटता ठेवायचा असेल तर २०१३चा जनुकीय अभ्यास हाताशी ठेवावा. त्यात मोठे गट चारच निघाले. 'सहा' म्हणणाऱ्याला चार सांगावेत, 'चार' म्हणणाऱ्याला सहा.

टाकीवर मात्र चिठ्ठी चिकटवावी: कोणत्या जिल्ह्यातून आणला, कोणत्या साली. विकणाऱ्याने सांगितलं नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहावं. अंदाजाने 'हिरोशिमा' लिहू नये. कंटाळा आला म्हणून हिरोशिमाचा न्यूट कांतोच्या ओढ्यात तर मुळीच सोडू नये. अत्सुमी द्वीपकल्पातला प्रकार आपल्या मूळ जागेवरून नाहीसा झाल्याचं मानतात. उरलेल्यांची सरमिसळ आपल्या हातून नको.

निदान लांबलं तरी घाबरू नये. जपानमधल्या एका प्रयोगात काही न्यूटांच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं, आणि अठराही वेळा नवं उगवलं. प्रयोग संपला तेव्हा ते न्यूट निदान ३० वर्षांचे होते, म्हणजे वेळ भरपूर आहे. फक्त चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई पाण्याने पुसली जाते.