सोसायटी बघेल

जिन्यातला दिवा गेला? सोसायटी बघेल. गच्ची गळतेय? सोसायटीला कळवलंय. ही सोसायटी नावाची बाई नेमकी कुठल्या मजल्यावर राहते, ते मात्र कुणी सांगत नाही. कागदोपत्री ती आपणच असतो. प्रत्येकाच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, तसं शेअर सर्टिफिकेटही असतं.

इंग्रजांबरोबर हा शब्द आला तेव्हा त्याचा थाट निराळा होता. 1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, 1905 साली गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. सगळी देश घडवायला निघालेली माणसं. पण आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून डेक्कनमध्ये वाद पेटले आणि 1890 मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. म्हणजे सोसायटीतल्या भांडणाची परंपरा थेट लोकमान्यांपर्यंत पोचते. आपण फक्त विषय पार्किंगचा घेतला.

गावाकडे सोसायटी म्हणजे पीककर्ज. 'सोसायटी भरली का?' याचा अर्थ कर्ज फेडलं का. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायला 1904 च्या कायद्याने या पतसंस्था आणल्या. मार्चअखेर नवं-जुनं करायला लागणारे हातउसने पैसे कुणाकडून येतात, हे मात्र विचारू नये.

शहरात 1915 साली मुंबईच्या गावदेवीला सारस्वतांनी सहकारी घरांची सोसायटी उभी केली, आणि पुढे शहरी मराठीत सोसायटी म्हणजे इमारतच झाली. तिची वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते. त्या नोटिशीतली शेवटची ओळ मला फार आवडते. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही! हे लिहिणाऱ्याने आपल्याला पुरतं ओळखलं होतं. त्यामुळे दहाच्या सभेला मंडळी साडेदहाला उगवतात, तीही मोजकीच. न आलेले दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारतात, "काय ठरवलं मग सोसायटीने?" मेंटेनन्स वाढवल्याचं कळलं की म्हणतात, "आम्हाला न विचारता?"

यंदा दहालाच या. खुर्च्या मांडायला माणसं लागतात.