हाताची खुर्ची

यजमानाने ‘बसा’ म्हणावे आणि पाहुण्याने बसावे, हा शिष्टाचार कळवण तालुक्यात आभोण्यापासून नांदुरीपर्यंत निरपवाद पाळला जातो. अपवाद एकट्या आमच्या नानांचा. ओसरीवर जुनी लाकडी खुर्ची दिसली, आणि तिला हात असले, की नाना टोपी काढून यजमानाच्या हाती देतात, खिशातले भिंग बाहेर काढतात आणि कोणाची परवानगी न विचारता ती खुर्ची उलटी करतात. पाठ, हात आणि बैठक ही खुर्चीने जगाला दाखवावयाची अंगे असून तिचे खरे चारित्र्य बुडाशी असते, असा त्यांचा सिद्धांत आहे. चहा येतो, निवतो, त्यावर साय धरते. यजमान टोपी धरून उभाच असतो. आणि नाना चार पाय आकाशाकडे केलेल्या त्या खुर्चीशी काहीतरी पुटपुटत असतात.

नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला. परंतु खात्याने त्यांना सोडले तरी खाते त्यांना सुटलेले नाही. ते खुर्ची पाहत नाहीत, तिचा पंचनामा करतात. त्यासाठी लाल कापडात बांधलेले एक दप्तर आहे आणि त्यात प्रत्येक खुर्चीचे स्वतंत्र पान आहे : मौजे अमुक, कब्जेदार तमुक, लाकडाची जात, सांध्यांची स्थिती, वेताची हालत, मागील वारस, आणि शेवटी ‘शेरा’. शेर्‍याच्या रकान्यात बहुधा ‘नामंजूर’ असे असते. खरेदी क्वचितच होते, पण नोंद राहिली असे कधी होत नाही.

त्यांचे ज्ञान मात्र पोकळ नाही, हे मी साक्षीदार या नात्याने नमूद करतो. बैठकीच्या खालच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर ती हाताने कापलेली आणि खुणा कमानीसारख्या वाकलेल्या असतील तर गिरणीच्या चक्राने कापलेली, हे मला त्यांनीच दाखविले. लाकूड वर्षानुवर्षे आडवे आक्रसत जाते, म्हणून जुन्या सांध्यातील गोल खुंटी बोटाला किंचित वर आलेली लागते. नव्याची जुनी केलेल्या खुर्चीत ती सपाट असते आणि कधी कधी तर खुंटीखाली स्क्रू दडलेला असतो. चहाचे पाणी आणि काजळी चोळून लाकडाला वार्धक्य आणणारे कारागीर मुंबईच्या चोरबाजारात आहेत, असे नाना सांगतात आणि सांगताना त्यांच्या स्वरात तिरस्कारापेक्षा आदरच अधिक असतो. अशा कारागिरांनी पाडलेली किडीची भोके ओळखण्यासाठी नाना खराट्याची एक हिराची काडी नेहमी जवळ बाळगतात. खर्‍या किडीचे भोक आत वाकडेतिकडे जाते आणि काडी अडते. गिरमिटाचे भोक सरळ असते आणि काडी सुळकन आत शिरते. त्यात सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागतच नाही. तेव्हा सागाच्या खुर्चीला भोके नसली तर ती नवी असल्याचा संशय, आणि असली तर खोटी असल्याचा! कोणत्याही खुर्चीला नानांच्या दरबारी निर्दोष सुटणे किती दुष्कर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

सागाबद्दल त्यांचा अभिमान तर प्रादेशिक आहे. सुरगाण्यापलीकडे डांगाचे जंगल. तेथील भिल्ल राजांकडून इंग्रजांनी 1842 मध्ये ते लाकडासाठी पट्ट्याने घेतले, आणि 1960 मध्ये राज्यांची वाटणी होताना डांग गुजरातेत गेला. पट्ट्याबद्दल नाना इंग्रजांना क्षमा करतात. वाटणीबद्दल कोणालाच करीत नाहीत. “साग गेला, आपल्याकडे कांदा राहिला,” असे म्हणून ते बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेकडे विषण्ण दृष्टीने पाहतात.

एवढा हा व्यासंग, पण तो हाताच्या खुर्चीपुरताच का? बिनहाताची खुर्ची, मग ती शिसवाची का असेना, नाना तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. याचा उलगडा मला फार उशिरा झाला. कचेरीत कारकुनाला मिळे ती खुर्ची बिनहाताची, आणि साहेबाच्या खुर्चीला हात, वेताची पाठ आणि पाठीवर टॉवेल. इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानात साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा अधिकार सनद देऊन बहाल करीत आणि तो मिळालेला इसम ‘कुर्सीनशीन’ म्हणवून घेई. आमच्याकडे तशी सनद नसली तरी खुर्चीचे हात मोजून हुद्दा ओळखण्याची विद्या शिपायालाही अवगत होती. अव्वल कारकुनाच्या वर चढायचे नानांचे राहून गेले. आयुष्यभर ज्यांची कोपरे अधांतरी राहिली त्या गृहस्थाने निवृत्तीनंतर तालुकाभर खुर्च्यांचे हात चाचपीत हिंडावे, यात हसण्यासारखे काही असेल तर ते मी हसून घेतले आहे.

गेल्या चैत्रात, सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेल्या खानदेशी यात्रेकरूंच्या गर्दीतून वाट काढीत, नाना मला आभोण्याच्या बाजूच्या एका वस्तीवर घेऊन गेले. कांद्याच्या चाळीच्या सावलीत एक लांब हातांची आरामखुर्ची होती, आणि तिच्यात कोणी बसलेले नसून कांद्याच्या रिकाम्या गोण्या रचलेल्या होत्या. अर्धा तास भिंग फिरले, काडी शिरली, अडली. हातांवर एका ओळीत बुजविलेली चौकोनी भोके होती; त्यांवर नानांचे बोट थरथरले. “चणकापूरचं धरण बांधताना जो गोरा इंजिनियर बंगल्यात राहत असेल, त्याची ही खुर्ची. ही भोकं पाय टाकायच्या जोडफळीची. शंभरावर वर्षं झाली,” असा निकाल त्यांनी दिला.

गोण्या शिवीत बसलेल्या म्हातार्‍या आबांनी मान वर केली. “नाही हो नाना. बहात्तरच्या दुष्काळात बैल विकले, गाडी मोडली. तिच्या साट्याच्या लाकडाची सुतारानं ही करून दिली. भोकं गाडीची आहेत.”

आता योगायोग असा की शंभर वर्षांच्या आतील सामान्य वस्तूस पुराणवस्तू समजू नये असे ठरविणारा केंद्राचा कायदाही त्याच 1972 सालचा आहे, आणि तो नानांना कलमवार पाठ आहे. मला वाटले, आता ‘नामंजूर’. नाना क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांनी दप्तर सोडले, पेनाचे टोपण काढले आणि शेर्‍याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिले : ‘दुष्काळकालीन. दुर्मीळ.’ आबांनी लगेच किंमत वाढविली, आणि खुर्ची टेम्पोतून कळवणात आली.

घरात तिला जागा मिळाली ती दिवाणखान्याच्या मध्यभागी, आणि सक्त मनाई अशी की तिच्यावर कोणी बसू नये. काकूंनी पापडांचे धुतलेले कापड तिच्यावर वाळत घातले, तेव्हा दोन दिवस अबोला होता. नाना स्वतः समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे पाहत, आणि ती प्लॅस्टिकची खुर्चीसुद्धा, सवयीने म्हणा, बिनहाताची होती.

वेत मात्र फाटलेला होता. तो विणण्यासाठी नाशिकहून एक गृहस्थ आले. त्यांना दृष्टी नाही. अंधशाळांतून वेतकाम शिकविण्याची रीत जुनी आहे, आणि सहा पदरांची ती अष्टकोनी जाळी त्यांच्या बोटांतून अशी उतरत होती की डोळे असलेल्या माणसाने आपले डोळे कशाला आहेत असे स्वतःस विचारावे. भिजवलेला वेत, लाकडी खुंट्या, आणि अधूनमधून खुर्चीवर टिचकी. नाना दप्तरातून चार पानांचा पंचनामा मोठ्याने वाचून दाखवीत होते. ‘सर्व अवयव सागाचे’ येथे ते पोचले तेव्हा त्या गृहस्थांनी पुढच्या उजव्या पायावर पुन्हा एकदा टिचकी मारली.

“नाना, हा पाय बाभळीचा आहे.”

नानांनी भिंग लावले. पाय बाभळीचा होता. बाईंडिंग उतरलेल्या फायलीप्रमाणे ते दप्तर त्यांच्या मांडीवर उघडेच राहिले.

काम संपताच त्या गृहस्थांनी, मनाई ठाऊक नसल्याने, स्वतः खुर्चीत अंग टाकले, दोनदा हलून वेताचा ताण पाहिला आणि उठून म्हणाले, “तुम्ही बसून बघा ना.” नकार द्यावयास कारण नव्हते. नाना बसले, बसले म्हणण्यापेक्षा मागे मागे जात राहिले, कारण असल्या खुर्चीचा उतार पाय लांब टाकून पडणार्‍यासाठी असतो, सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांसाठी नव्हे. दोन्ही कोपरे दोन्ही हातांवर स्थिरावली. त्यांनी डोळे मिटले. बर्‍याच वेळाने काकूंनी आतून जेवायला हाक मारली, तेव्हा त्यांनी उठण्याचा एक प्रयत्न केला, दुसरा केला, आणि मग मला उद्देशून, पूर्वी साहेब शिपायाला हाक मारीत अगदी त्या स्वरात म्हणाले, “जरा हात द्या पाहू.”